चिमणीचं लाकडी घरटं: भोक किती, लाकूड कोणतं?

ओटा_धुळे: 20 मार्चच्या चिमणी दिनाला घरट्यांच्या अदलाबदलीसाठी 10 घरटी करायची आहेत. 12 मिमी प्लायवूड पडून आहे, चालेल का? भोक 32 मिमी की 40? बाहेर बसायला दांडी लावायची का?

रंधा_जळगाव: दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र आयती बैठक मिळते. भोक 32 मिमी. मोठं केलं की साळुंकी ताबा घेते. प्लाय पावसात पदर सोडतं, पॅकिंगच्या खोक्याचं पाइन बरं.

15 सेंमी रुंद, 18 मिमी जाड फळी घ्या. पाठ 35, पुढचा भाग 19.5, तळ 11.4 सेंमी. दोन्ही बाजू 45 सेंमीच्या एकाच तुकड्यातून निघतात: तिरका काप असा द्या की एक कड 25 आणि दुसरी 20 येईल. पुढचा भाग 5 मिमी आखूड ठेवलाय तो छताखाली हवेची फट राहावी म्हणून. छत 22 × 20 चं वेगळं कापा.

भोकाची खालची कड तळापासून 12 सेंमी वर हवी. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) मारताना मागे रद्दी फळी दाबून धरा, नाहीतर आतून कपच्या उडतात. तळाला 6 मिमीची चार भोकं पाडा. आतून रंग, व्हर्निश काही नाही. उलट भोकाखाली करवतीच्या आडव्या खाचा मारा, पिलांना चढायला पकड मिळते.

केळीबाग: भो, मापं बरोबर, पण आपल्याकडचं ऊन? मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलं की पेटीची भट्टी होते, पिलं पंख फुटायच्या आत बाहेर उड्या टाकतात. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, पडवीच्या सावलीत, आठ-दहा फूट उंच. पत्र्याचं छत नकोच. छताला बाहेरून चुना मारा. धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत छताच्या लाकडी कड्यांमधली जागा थंड असायची, स्लॅबच्या भिंतीला तो गुण नाही.

रंधा_जळगाव: खरंय. शिवाय खाली पंखा फिरत असेल तिथे टांगू नका.

ओटा_धुळे: आणि अदलाबदलीत काय बघून घ्यायचं?

स्क्रू_भुसावळ: एक बाजू स्क्रूवर उघडणारी हवी. सगळं खिळ्यांनी ठोकलेलं असेल तर पिलं उडाल्यावर जुनं गवत काढता येत नाही, पुढे पिसवा होतात. 32 मिमी गोल चकती सोबत ठेवा, भोकात घालून बघा. आणि 20 मार्चची वाट कशाला? चिमण्या फेब्रुवारीतच जागा हेरतात. जानेवारीत वाटा.