विषय: कराडच्या घरावर सोलर: बिल दादांच्या नावावर, खातं आईचं

कराडकर (धाकटा):
मंडळी, घाईत लिहितोय. शुक्रवारी वेंडरला ॲडव्हान्स द्यायचाय. 3 किलोवॅट, घर आपलं तेच, दत्त चौकातलं. दादा वारले तरी विजेचं बिल अजून त्यांच्याच नावावर येतं, बँकेत खातं आईचं. वेंडर म्हणतो आधी बसवून टाकू, नावाचं मागाहून बघू. चालेल का? कोटेशन जोडलंय.

अण्णा (मिरज):
मुळीच नाही. केंद्राच्या सोलर अनुदानाच्या सूर्यघर पोर्टलवर अर्ज वीजबिलावरच्या 12 आकडी ग्राहक क्रमांकावर होतो, म्हणजे कागदोपत्री अर्जदार दादाच. मीटर लागून सगळं झालं की शेवटी बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक चढवायचा असतो. तिथे नाव आईचं निघालं की अनुदान लटकलं. आणि वेंडर अनुदान वजा करून पैसे घेत नाही. आधी पूर्ण रक्कम भरायची, सरकारचे पैसे नंतर खात्यात.
आधी नावात बदल करून घे. मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, बाकीच्या वारसांचं संमतिपत्र, थकबाकी शून्य. गावात असतास तर ग्रामपंचायतीचा नमुना 8. कराडला सिटी सर्व्हेचा. उताऱ्यावरही दादाच असतील तर आधी वारसनोंद, मग बाकीचं. मिरजेत महावितरणच्या आमच्या परिमंडलात हे काम ऑनलाइन होतं.

बापू (विटा):
अण्णा, पोराला घाबरवू नका. 2024 पासून 10 किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची भानगड राहिलेली नाही, अर्ज मंजूरच धरतात. मंजूर भार कमी असेल तर तोही महावितरणनेच वाढवून द्यायचा.

अण्णा (मिरज):
बापू, मंजुरीचं कोण विचारतंय? प्रश्न नावाचा आहे.

माई (वाई):
एक तर कराड बारामती परिमंडलात येतं, मिरज कोल्हापूरच्या. अण्णांनी आपल्या ऑफिसचा अनुभव तिकडे लावू नये.
दुसरं म्हणजे कोटेशन कुणी उघडून बघितलं का? 540 वॅटची 5 पॅनेल आणि 3 किलोवॅटचा इन्व्हर्टर. पॅनेल झाली 2.7 किलोवॅट. अनुदान दोन्हींत जे कमी त्यावर मिळतं: पहिल्या 2 किलोवॅटला 30,000 प्रमाणे 60,000, वरच्या 0.7 ला 18,000 च्या हिशेबाने 12,600. एकूण 72,600. वेंडरने 78,000 छापलेत. सहावं पॅनेल घ्या, 3.24 होतात, तेव्हा पूर्ण 78,000. त्यापुढे कितीही वाढवलं तरी घराला तेवढेच.
जीएसटीही जुनाच लावलाय, 13.8 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून सामानावर 12 चे 5 झाले. सामान 70, बसवण्याचं काम 30 अशा विभागणीने एकूण 8.9 येतो. पुन्हा काढून मागा.
आणि पॅनेलपुढे ‘डीसीआर’, म्हणजे देशी बनावटीचं, असं लिहिलेलं कुठेच दिसत नाही. नुसतं भारतात जोडलेलं पॅनेल चालत नाही, आतले सेलही भारतीय लागतात. दर कमी दिसतोय तो बहुधा त्यामुळेच. बिलावर सिरीयल नंबर घालून घ्या.

पाटील (जत):
आमच्याकडे 10 टक्क्यांत बसतं, बाकी सरकार भरतं. एवढे पैसे का देता?

बापू (विटा):
पाटील, ते ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. विहिरीवरच्या पंपाचं आहे, घराच्या स्लॅबचं नव्हे.

कराडकर (धाकटा):
माई, आभार. आईला एवढंच हवंय की लाईट गेली तरी पंखे चालावेत.

माई (वाई):
ऑन-ग्रिडवर, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेल्या बिनबॅटरीच्या सोलरवर, चालणार नाहीत. तारेवर लाईनमन असेल तर त्याला झटका बसू नये म्हणून लाईट गेली की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. पंख्यांसाठी घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर आहे तसाच राहू द्या. बिल शून्य होईल असंही आईंना सांगू नका, स्थिर आकार येतच राहतो.

अण्णा (मिरज):
अर्थिंगच्या तीन पिट (खड्डे) हव्यात: एसी, डीसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाची स्वतंत्र. कोटेशनमध्ये एकच आहे. आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की जाळलेल्या पाचटाची काजळी प्लेटांवर बसते. धुवायचं ते सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो. बोअरचं पाणी नको, क्षाराचे पांढरे डाग राहतात.

मंडळ सचिव:
वेंडरचे नंबर मंडळाच्या या लिस्टवर टाकू नयेत, मागच्या वर्षीचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. गणपतीच्या हॉलचं बोलणं कृपया वेगळ्या विषयाखाली.

बापू (विटा):
हॉलचं इथे कोण बोललं?

कराडकर (धाकटा):
ॲडव्हान्स थांबवला. उतारा काढायला भाच्याला पाठवतोय. संमतिपत्रावर आत्याची सही लागेल, ती मेलबर्नला असते. नोटरी तिकडची चालते का?

माई (वाई):
नोटरीचं वकिलाला विचारा. पण मसुदा तिला आजच पाठवा, सह्या गोळा करण्यातच सगळा वेळ जातो.