अनुभव सांगा : फोटोंचा संग्रह लावणारे सॉफ्टवेअर तुम्हांला कसे उमगले?

रानजाई
परवा भाच्याने त्याच्या पणजीचा फोटो मागितला. शोधपट्टीत ‘आजी’ एवढेच लिहिले, तर समोर आलेल्या बहुतेक फोटोंखाली मी फार पूर्वी पिकासा या गूगलच्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या ओळी अजून तशाच होत्या. पिकासा २०१६ साली बंद झाले, त्यानंतर माझा संगणकही बदलला, तरी त्या ओळी टिकल्या, कारण जेपीजी फोटोंची शीर्षके आणि टॅग पिकासा थेट फोटोच्या फाईलमध्ये लिहीत असे. आवडत्या फोटोंना दिलेल्या ताऱ्यांची नोंद मात्र ते प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपवलेल्या छोट्या फाईलमध्ये ठेवी. ती फाईल इतर सॉफ्टवेअर सहसा वाचत नाहीत, त्यामुळे ते तारे आज कुठेच दिसत नाहीत. म्हणून नव्या सॉफ्टवेअरशी ओळख करून घेताना मी आधी हेच शोधते की, मी दिलेली नावे, तारखा आणि खुणा ते नेमके कुठे साठवते. तुम्ही काय वापरता आणि त्यात तुम्हांला वाट कशी सापडली, हे जरूर लिहा.

कागदीनाव
मी लाइटरूम क्लासिक वापरतो. सुरुवातीला सर्वांत कठीण गेली ती ‘इम्पोर्ट’ची कल्पना, कारण फोटो सॉफ्टवेअरच्या पोटात जातात असे वाटत राहते. प्रत्यक्षात फोटो डिस्कवर आपापल्या फोल्डरमध्येच असतात आणि ‘कॅटलॉग’ नावाच्या माहितीकोशात फक्त त्यांचा पत्ता, टॅग आणि केलेले बदल नोंदवलेले असतात. एवढे समजले की पुढचे कोडे आपोआप सुटते: संगणकाच्या फाईल एक्सप्लोररमधून एखादे फोल्डर हलवले, तर लाइटरूममध्ये त्यावर प्रश्नचिन्ह येते, कारण पत्ता जुना राहिलेला असतो. फोल्डरवर उजवी क्लिक करून हरवलेले फोल्डर शोधण्याचा पर्याय निवडावा आणि नवी जागा दाखवावी. केलेले काम सगळे परत दिसते. त्यापेक्षा फोल्डर लाइटरूमच्या आतूनच हलवणे केव्हाही चांगले.

रानजाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये आहे. बदल आपोआप एक्सएमपीमध्ये, म्हणजे फोटोसोबत राहणाऱ्या नोंदीत, लिहिण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला की जेपीजीचे टॅग आणि मानांकन फाईलमध्येच जाते आणि रॉ फोटोंसाठी (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाईलींसाठी) शेजारी एक वेगळी एक्सएमपी फाईल तयार होते. कोणता फोटो कोणत्या ‘कलेक्शन’मध्ये, म्हणजे लाइटरूममध्ये केलेल्या गटात, आहे ही माहिती मात्र त्यात जात नाही. म्हणून जे वर्गीकरण कायम राहावे असे वाटते ते मी टॅगने करतो आणि कलेक्शन चालू कामापुरते ठेवतो.

सोनसळी
घाईत लिहिते आहे, सविस्तर नंतर लिहीन. कागदीनाव, प्रश्नचिन्हाचा तुमचा परिच्छेद वाचून फार हायसे वाटले, कारण माझ्या संपूर्ण डाव्या पट्टीत आज तीच चिन्हे आहेत आणि फोटो गेले असे समजून मी सकाळपासून काळजीत होते.

कागदीनाव
सोनसळीताई, फोटो डिस्कवर असतील तर काळजीचे कारण नाही. सर्वांत वरचे मूळ फोल्डर आधी जोडा, म्हणजे त्याखालची फोल्डरे बहुधा आपोआप सापडतील. बाहेरची डिस्क वापरत असाल, तर ती जोडलेली आहे ना, हे मात्र त्याआधी पाहा.

पाणवठा
माझे सगळे फोटो फोनवर आणि गूगल फोटोजमध्ये आहेत, त्यामुळे फोल्डर हा शब्दच मला परका होता. तिथे ‘अल्बम’मध्ये घातलेला फोटो ही वेगळी प्रत नसते, अल्बममधून काढला तरी तो संग्रहात राहतो, पण संग्रहातून पुसला तर सगळीकडून जातो आणि बॅकअप झालेला असल्यास ६० दिवस कचरापेटीत थांबतो. घरातल्या मोठ्यांना शिकवताना मी एवढा एकच फरक नीट समजावते, कारण जागा मोकळी करण्याच्या प्रयत्नात फोटो जातात ते इथेच. तारखेचेही असेच आहे. तिथे दुरुस्त केलेली तारीख फोटोच्या फाईलमध्ये लिहिली जात नाही. टेकआउट या गूगलच्या सोयीने सगळा संग्रह उतरवून घेतला तर ती सोबतच्या जेसन नावाच्या मजकुराच्या फाईलमध्ये मिळते.

दिवेलागण
तारखांचा विषय निघाला म्हणून लिहितो. वडिलांच्या अल्बममधले कागदी फोटो स्कॅन केले, तेव्हा ते सगळे स्कॅन केल्याच्या दिवसाखाली गोळा झाले आणि लहानपणची आई कालच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी दिसू लागली. फोटो काढल्याची तारीख एक्झिफ नोंदीत, म्हणजे कॅमेरा फाईलमध्ये लिहितो त्या माहितीत, असते आणि स्कॅनमध्ये ती एकतर नसते किंवा स्कॅनची असते, हे कळल्यावर मी डिजिकॅम हे फोटो लावण्याचे सॉफ्टवेअर वापरायला घेतले. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि निवडलेल्या सर्व फोटोंची तारीख त्यात एकाच वेळी बदलता येते. ज्यांचे फक्त वर्ष ठाऊक आहे त्यांना मी त्या वर्षाचा १ जानेवारी देतो आणि सोबत ‘तारीख अंदाजे’ हा टॅग लावतो, म्हणजे पुढे कोणी त्या दिवसावर विश्वास ठेवणार नाही. फोटोच्या मागे आजोबांच्या हातचे काही लिहिलेले असेल, तर ती बाजूही स्कॅन करतो आणि तो मजकूर शीर्षकात उतरवून घेतो. या कामात वेळ फार जातो, परंतु चेहरे ओळखणारी माणसे जवळ आहेत तोवरच ते होऊ शकते.

अवकाळी
दिवेलागण, हे वाचून आज रात्रीच आत्याला फोन करून बसायचे ठरवले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या जुन्या फोटोंचे काय करता? त्यांत तारीखच नसते.

दिवेलागण
नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सॲप एक्झिफ नोंद काढून टाकते. ज्यांच्याकडे मूळ फाईल आहे त्यांना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे नोंद शाबूत येते. मूळ मिळत नसेल, तर फाईलच्या नावातल्या तारखेवरून निदान तो फोटो आपल्यापर्यंत कधी आला एवढे कळते.

रानजाई
डिजिकॅमबद्दल एक विचारते. टॅग आणि चेहऱ्यांची नावे ते फाईलमध्ये लिहिते का?

दिवेलागण
लिहिते, परंतु सेटिंगमधल्या मेटाडेटा (फोटोविषयीची माहिती) विभागात काय काय लिहायचे ते आपण निवडायचे असते. तुम्ही मोजक्या फोटोंच्या प्रती करून त्यांवर टॅग लावा आणि त्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे टॅग दिसले, तरच मोठ्या संग्रहाला हात घाला.