विद्याविहारला फास्ट लोकल थांबायला हवी का?

७.१९_डोंबिवली (धागाकर्ता)

विद्याविहारचं नाव निम्म्या मुंबईला ठाऊक आहे ते रविवारच्या मेगाब्लॉकमुळे (दुरुस्तीसाठी काही तास रूळ बंद ठेवतात तो). ‘सीएसएमटी ते विद्याविहार दरम्यान स्लो मार्गावर’ वगैरे. तिथे रोज उतरणारे आम्ही. पूर्वेला बाहेर पडलं की सोमय्यांचं संकुल. १९५९ पासून एकेक कॉलेज वाढत गेलं, २०१९ मध्ये विद्यापीठ झालं, पण स्टेशनावर थांबते ती प्रत्येक स्टेशन घेणारी स्लोच.

म्हणजे डोंबिवलीहून फास्ट पकडायची, घाटकोपरला उतरायचं (खरं तर मागचे उतरवतात), मेट्रोच्या लोंढ्यातून जिना चढायचा, स्लोच्या फलाटावर जायचं आणि एका स्टेशनासाठी पुन्हा दारात घुसायचं. शेवटच्या दोन किलोमीटरला माझी पंधरा मिनिटं जातात. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा, निवडक फास्टना इथे थांबा द्यावा. नको म्हणणाऱ्यांनी कारण सांगावं. ‘मुंबईत असंच असतं’ हे कारण नव्हे.

कल्याणचा_दारातला

घ्या कारण. फास्ट कुर्ल्याला थांबते, घाटकोपरला थांबते. मधे विद्याविहारलाही थांबली तर चारेक किलोमीटरांत तीन थांबे. मग तिला फास्ट कोण म्हणेल? गाडी उभी राहते अर्धा मिनिट, पण वेग कमी करणं आणि परत पकडणं धरलं की दीड-दोन मिनिटं गेलीच. मागची गाडी तीन-चार मिनिटांवर असते. एक अडकली की मागच्या सगळ्या अडकल्या. तुझी पंधरा मिनिटं वाचवायला गाडीतल्या हजारोंनी दोन-दोन मिनिटं का द्यायची?

मधला_लेडीज

दारातले, हिशोब बरोबर आहे, पण अर्धाच. घाटकोपरला विद्याविहारचे सगळे उतरतात म्हणून तिथे फास्ट किती रेंगाळते ते मोजलंत कधी? उतरणारे संपत नाहीत आणि चढणारे थांबत नाहीत.

आणि संध्याकाळचं कुणी बोलतच नाही. घाटकोपरला येणारी फास्ट भरलेलीच असते. शहाणपण म्हणजे उलटं कुर्ल्याला जाऊन तिथून चढावं. पण आम्हा विद्यार्थ्यांचा कन्सेशनचा पास घर ते विद्याविहार, त्यापुढे एक स्टेशनही नाही. कुर्ल्याला टीसीने धरलं तर दंड, आणि चूक आमचीच. वेगळं तिकीट काढलं की सवलतीचा फायदा तिथेच संपला. थांबा नको तर नको, निदान सवलतीचा पास कुर्ल्यापर्यंत तरी मिळावा. यात कुणाचं एक मिनिटही जात नाही.

७.१९_डोंबिवली

हे मला सुचलंच नव्हतं. पण सकाळचं काय?

रूळ_आणि_सिग्नल

मेगाब्लॉकच्या घोषणेतच उत्तर आहे. फास्टवर वळवलेल्या स्लो गाड्या विद्याविहारला परत स्लो मार्गावर घेतात, म्हणजे मार्ग बदलायची सोय तिथे आहे. मग ‘काही फास्ट घाटकोपरच्या आधीच स्लोवर आणा, म्हणजे विद्याविहारला थांबतील’ असंही कुणी म्हणेल. रविवारी, कमी गाड्यांत, ते चालतं. सोमवारी सकाळी साडेआठला एक गाडी आडवी गेली की दोन्ही मार्ग तुंबतील.

पश्चिमवाला

तुम्हाला फास्ट हवी, आम्हाला नुसतं पलीकडे जायचंय. :) २०२३ मध्ये इथल्या पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाचे दोन गर्डर (पुलाच्या पोलादी तुळया) बसवले. प्रत्येकी ९९.३४ मीटर लांब, अकराशे टनांचे, कारण रुळांमध्ये एकही खांब टाकता येत नव्हता. जिथे खांबाला जागा नाही तिथे आणखी गर्दी थांबवायचे बेत चाललेत.

राजावाडीकर

इथे सगळे विद्यार्थीच आहेत असं समजून चाललंय. राजावाडी रुग्णालयात येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक इथेच उतरतात. काही जण लांबच्या गाड्यांसाठी टिळक टर्मिनसला जायला बॅगा ओढत इथूनच निघतात. म्हाताऱ्या माणसाला फास्टमधून उतरवून पाहा, मग थांब्याची गोष्ट करा. स्लो आहे म्हणून त्यांना निवांत उतरता तरी येतं. थांब्याला माझा ठाम विरोध.

बाकी घाटकोपर पूर्वेहून राजावाडीवरून चालत कॉलेज गाठता येतं. आम्ही पोरं असताना जायचो. आताची पोरं एका स्टेशनासाठी गाडी धरतात.

मधला_लेडीज

काका, पाठीवर लॅपटॉप, जुलैचा पाऊस आणि आठचं प्रॅक्टिकल घेऊन एकदा चालून दाखवा.

कल्याणचा_दारातला

मला वाटतं आपण चुकीच्या दारावर धडका मारतोय. मध्य रेल्वेने मागे ऑफिसांनाच विनंती केली होती की कामाच्या वेळा पुढेमागे करा. ऑफिसं शेकडो मालकांची, त्यांचं एकमत होणं कठीण. इथे मात्र एवढी कॉलेजं एकाच आवारात, एकाच संस्थेची. इंजिनिअरिंग आठला, कॉमर्स साडेनऊला, बाकीचे दहाला असं भरवलं तर घाटकोपरच्या जिन्यावरची गर्दी तीन वेळांत वाटली जाईल. रूळ हलवायला नको, रेल्वे बोर्डाकडे जायला नको.

७.१९_डोंबिवली

म्हणजे मी पावणेसहाला उठायचं आणि तुम्ही दारात वारा खात जायचं! दहाला भरणारे सुटणार सहाला, ऐन ऑफिसच्या गर्दीत. बदलापूर-कर्जतच्या मुलींना घरी पोचायला किती वाजतील?

मधला_लेडीज

कर्जतवाली मीच आहे. सहाला सुटले तर नऊ वाजतातच. त्यापेक्षा आठचं कॉलेज परवडलं.

कल्याणचा_दारातला

हे मान्य. मग दहा सोडा, आठ आणि नऊ असे दोन गट करा. पण थांबा? नाही म्हणजे नाही.

७.१९_डोंबिवली

थांब्याची मागणी मी सोडलेली नाही. पण अर्ज करायचाच तर आधी कुर्ल्यापर्यंतच्या पासाचा करू, त्याला इथे तरी कुणाचा विरोध दिसत नाही. राजावाडीकर काका, उद्या घाटकोपरहून चालत जाऊन बघतो. पाऊस नसला तर.