घर आणि तंबू, दोन्हीकडे रमणारा कुत्रा: आधी जात बघायची की कुत्रा?

रानवाट (धागाकर्ता)

लहान मुलं असलेलं घर, आठवडाभर शाळा-नोकरी आणि महिन्यातून एक-दोनदा तंबू घेऊन जंगलात किंवा तळ्याकाठी मुक्काम. अशा कुटुंबाने लॅब्राडोर घ्यावा, आणि तोही घरगुती किंवा शो वंशावळीतला, असं माझं ठाम मत आहे. शिकारीच्या कामासाठी जोपासलेल्या फील्ड वंशावळीतला लॅब्राडोर या घराला झेपणार नाही.

कॅम्पिंगला कुत्रा न्यायचा म्हटलं की लोक दमसास बघतात. पण दोन दिवसांच्या मुक्कामात चालणं होतं फार तर पाच-सहा तास. बाकीचा वेळ कुत्र्याने चटईवर पडून राहायचं असतं: चूल पेटलेली, मुलं धावतायत, शेजारच्या तंबूत अनोळखी माणसं, रात्री पाचोळ्यात खसखस. हे ज्याला जमत नाही तो कितीही चालला तरी मुक्काम नासवतो. लॅब्राडोर ज्यात मोडतो त्या रिट्रीव्हर जातींची निवड पिढ्यान्‌पिढ्या याच गुणावर झाली. शिकारीत पक्षी पडेपर्यंत माणसाशेजारी गप्प बसायचं, सांगितल्यावर जायचं, तोंडात हलकं धरून परत आणायचं.

केसांचाही विचार करा. लॅब्राडोरचे केस आखूड आणि दुहेरी, त्यामुळे पाणी झटकलं जातं, खाली ऊब राहते. गोल्डन रिट्रीव्हरचा स्वभाव तितकाच गोड, पण पायामागच्या आणि शेपटीच्या लांब झालरीत गवताची कुसळं अडकतात. कुसळाला उलटे काटे असतात, ते एकाच दिशेने आत सरकतं. बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरलं तर भूल देऊन काढावं लागतं.

दोष लपवत नाही. खुबा आणि कोपराच्या सांध्यांचा डिस्प्लेशिया (सांधा नीट न बसणं) या जातीत आहे. जोराच्या व्यायामानंतर मागचे पाय लुळे पडण्याचा ईआयसी हा आनुवंशिक विकार आहे, त्याची डीएनए चाचणी होते. आणि हावरटपणा तर जनुकातच आहे: २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना भूक जास्त लागते. म्हणून खाणं वजनकाट्यावर मोजूनच द्यायचं.

---

पाऊलखूण

पूर्ण असहमत. जात ठरवून मग कुत्रा शोधणं हा क्रमच उलटा आहे.

२०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरली होती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा जनुकसंच वाचला होता. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. मुलांच्या घरासाठी सर्वांत कळीची गोष्ट, म्हणजे कुत्रा किती पटकन बिथरतो, तिच्याबाबत तर जात जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून माझा सल्ला: दोन ते चार वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला कुत्रा घ्या. मिश्र जातीचा असला तरी चालेल. पिल्लात तुम्ही अंदाज विकत घेता, मोठ्या कुत्र्यात वस्तुस्थिती समोर असते. शिवाय मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांची टोकं पक्की व्हायला १२ ते १८ महिने लागतात. तोवर लांब चढण, उड्या, पाठीवर ओझं, सगळं वर्ज्य. पहिलं वर्ष-दीड वर्ष तो खरा सोबती नसतोच.

असा मोठा कुत्रा बेघर कुत्र्यांच्या निवारा केंद्रात मिळतो. तिथे जाऊन काय बघायचं, तेही सांगते. एकाच भेटीत ठरवू नका, वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा जा. बाहेर फिरवून आणा, मग बाकावर बसा आणि २० मिनिटं त्याच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका. तो स्वतःहून आडवा होतो का, की सतत ओढतो, कण्हतो, पट्टा चावतो? मागे एखादं पातेलं पाडा. दचकणं स्वाभाविक आहे, पण अर्ध्या मिनिटात सावरून वास घ्यायला पुढे येतो का, हे बघायचं. खाताना जवळून गेल्यावर अंग ताठ होतं का, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो का, हे केंद्रातल्या कर्मचाऱ्याला करायला सांगा, मुलांना नाही.

---

रानवाट

अभ्यास मलाही ठाऊक आहे, पण तुम्ही त्याचा अर्धाच निष्कर्ष मांडलात. माणसाचं ऐकण्याची, सूचनेला प्रतिसाद देण्याची वृत्ती, या एका गुणात जातींमधला फरक इतर गुणांपेक्षा ठळक दिसला होता. आणि मुक्कामाच्या जागी हाकेला परत येणं हाच तर जीव वाचवणारा गुण.

दुसरं, ९ टक्के हा आकडा वागण्याचा आहे, शरीराचा नाही. नाकाडाची लांबी, केसांची जाडी, वजन, छातीची खोली हे बऱ्यापैकी जातीवरूनच ठरतं. कुत्र्याचं अंग प्रामुख्याने धापांवाटे थंड होतं. पग, फ्रेंच बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना ती सोयच अपुरी, उन्हातल्या चढणीवर ते उष्माघाताने कोसळू शकतात. तिथे स्वभाव कितीही सालस असून उपयोग काय?

मोठा कुत्रा घेण्याचा मुद्दा मात्र मान्य. केंद्रातला शांतपणा कधी कधी भेदरलेपणाही असतो आणि खरा स्वभाव घरी आल्यावर काही आठवड्यांनी बाहेर येतो, एवढी पुस्ती जोडतो.

---

उतारावरून

तुम्ही दोघंही वजनाबद्दल बोलत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला निकष.

लॅब्राडोरचा नर २९ ते ३६ किलोचा असतो. गाडीपासून चार किलोमीटर आत तळव्याची गादी फाटली तर त्याला उचलणार कोण? ३२ किलोचं हलणारं ओझं खडकाळ उतारावरून नेणं एका माणसाचं काम नाही. दोघं मोठे, त्यातल्या एकाचं लक्ष मुलांवर. १२ ते १८ किलोचा कुत्रा खांद्यावरच्या झोळीतून एकटा माणूस आणू शकतो. म्हणून कॉकर स्पॅनियल किंवा ब्रिटनी. दोन्ही माणसाबरोबर काम करणाऱ्याच जाती आहेत, म्हणजे रानवाट यांचा मुद्दाही सुटत नाही. तंबूत जागा कमी लागते, पाणीही कमी वाहावं लागतं. कुत्र्याला विश्रांतीच्या दिवशी किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, चालण्याच्या दिवशी त्याच्या दुप्पट धरा. ३२ किलोच्या कुत्र्याचे सव्वातीन ते पावणेचार लिटर होतात, १४ किलोच्याचे दीड-पावणेदोन.

कॉकरचे कान हा त्याचा कच्चा दुवा. लोंबते, केसाळ, आत हवा खेळत नाही. पोहून आला की कानाची बाहेरची बाजू आणि भोकाजवळचा भाग कापसाने टिपायचा, आत काडी घालायची नाही, आणि मुक्कामाआधी कानाखालचे केस आखूड करून घ्यायचे.

---

काठीवाला

मेंढपाळी कुत्र्यांचं नावच कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. बॉर्डर कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड हे कळप सोडून जात नाहीत, आणि इथे तुमचं कुटुंब हाच कळप. बीगल नाकाच्या मागे लागला की हाक त्याच्या कानावर पडूनही पोचत नाही. हस्की दिसेल त्या हालचालीमागे किलोमीटरभर जातो. मेंढपाळी कुत्रा पन्नास पावलांवर थांबून मागे वळून बघतो. वजन १४ ते २९ किलोच्या आसपास, म्हणजे उतारावरून यांची अटही निदान बॉर्डर कॉलीत बहुतांशी पुरी.

"त्यांना चार तास पळवावं लागतं" हा गैरसमज आहे. नुसतं पळवलं तर दमसास वाढतो, शांतपणा नाही. दिवसातून १५-१५ मिनिटं डोक्याचं काम (लपवलेली वस्तू वासावरून शोधणं, नावावरून खेळणं आणणं) आणि तासभर मोकळं चालणं पुरतं, पण ते रोज हवं.

या जाती नेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाळावी. रफ कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये एमडीआर१ जनुकातला दोष खूप आढळतो, बॉर्डर कॉलीत क्वचित. या दोषामुळे काही औषधं मेंदूत शिरतात. जास्त मात्रेतलं आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध तर धोक्याचं आहेच, पण माणसांच्या प्रथमोपचार पेटीतली जुलाबावरची लोपरामाइडची गोळीसुद्धा. गालाच्या आतून फाया फिरवून एकदाच चाचणी होते. ती करून निकाल पट्ट्यावरच्या बिल्ल्यावर लिहून ठेवा.

---

पाऊलखूण

काठीवाला, औषधांची माहिती मोलाची, पण निवड पटली नाही. कळप राखायची वृत्ती धावणाऱ्या मुलांवरच पहिली चालते: वाट अडवणं, टाचेला चिमटा घेणं. सहा वर्षांचं मूल किंचाळत पळालं की त्याला आणखी चेव येतो. शिवाय हालचाल टिपायलाच ही जात घडली, त्यामुळे सार्वजनिक मुक्कामाच्या जागी प्रत्येक सायकल, प्रत्येक टॉर्चचा झोत त्याला कामच वाटतो. दोघं नोकरी करणाऱ्या घरात तुमचं "रोज हवं" पाळलं जाणार नाही, हे आधीच दिसतंय.

---

काठीवाला

टाच धरणं पिल्लूपणीच थांबवता येतं: धावणारं मूल दिसलं की नजर माणसाकडे वळवण्याला बक्षीस, आणि तोवर घरातही हलका पट्टा. पण रोज वेळ नसेल तर मेंढपाळी कुत्रा घेऊ नये, हे मलाही मान्य. मात्र रोज वेळ नसेल तर लॅब्राडोरही घेऊ नये, हे तितक्याच ठासून कोणी म्हणत नाही. आळसावलेला लॅब्राडोर फक्त मुकाट्याने जाडा होतो. सांधे आधीच नाजूक, त्यात पाच किलो जास्त, म्हणजे आठव्या वर्षी तंबूपर्यंतही लंगडत येणार.

---

रानवाट

वजनाबाबत काठीवाला यांचं बरोबर आहे. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून कंबर दिसली पाहिजे, यात सवलत नाही. घरात दिवसाकाठी दीड तास निघत नसेल तर माझा लॅब्राडोरचा सल्लाही मागे घेतो.

आता शांत पडून राहण्याबद्दल, कारण धागा त्यावरच उभा आहे. ते कोणत्याच जातीत तयार मिळत नाही, शिकवावं लागतं. एक ठरावीक चटई घ्या, शक्यतो बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची, कारण तीच पुढे तंबूत लागते. ओली जमीन अंगातली ऊब ओढून घेते, आखूड केसांचा कुत्रा पहाटे कुडकुडतो. घरी चटईवर आडवा झाला की पंजांच्या मधे खाऊ ठेवायचा, हातातून द्यायचा नाही, नाहीतर तो तुमच्या हाताकडे बघत बसतो. दोन मिनिटं, पाच, पंधरा, मग जेवण चालू असताना अर्धा तास. त्यानंतर अंगणात, मग बागेत. तंबू आधी घरातच उभारा, चेनचा आवाज आणि कापडाची फडफड ओळखीची होऊ द्या. पहिला मुक्काम एका रात्रीचा, घरापासून तासाभराच्या आत.

---

उतारावरून

यात बांधण्याची पद्धत जोडा, कारण सर्वाधिक गडबड तिथे होते. जमिनीत खुंटी ठोकून दहा मीटर दोर सोडला की कुत्रा पळत येऊन टोकाला हिसका खातो, दोर तंबूच्या दोऱ्यांत किंवा मुलांच्या पायांत गुंततो. त्याऐवजी दोन झाडांमध्ये डोक्याच्या उंचीवर दोर ताणा, त्यावर कप्पी किंवा कडी, तिला दीड-दोन मीटरचा पट्टा. पट्ट्याचं टोक छातीवरच्या वाय आकाराच्या हार्नेसला, गळपट्ट्याला नाही. झाडापासून पट्ट्याच्या लांबीएवढं अलीकडे दोरात गाठ मारा म्हणजे कुत्रा खोडाभोवती गुंडाळला जात नाही. चुलीपासून अंतर एवढं की पट्टा पूर्ण ताणला तरी तीन मीटर उरावेत. आपोआप गुंडाळणारा पट्टा जंगलात नकोच. आणि बांधलेल्या कुत्र्याला एकटं सोडून कोणीही तळ्यावर जायचं नाही.

---

नवखा०७

सगळे प्रतिसाद वाचले. मुलं ६ आणि १० वर्षांची, रोज दीड तास निघतो, उतार-चढाव फारसे नाहीत, बहुतेक तळ्याकाठीच जातो. पिल्लू घ्यायचं झालं तर ब्रीडरकडे नेमकं काय मागायचं?

---

रानवाट

तुमच्या वर्णनाला लॅब्राडोरची मादी बसते, २५ ते ३२ किलोची, म्हणजे नरापेक्षा थोडी हलकी. आई-बाबा दोघांचे कागद मागा: खुबा आणि कोपराचे एक्स-रे अहवाल, ईआयसी आणि पीआरए (डोळ्यांचा आनुवंशिक विकार) यांच्या डीएनए चाचण्या, आणि वर्षभराच्या आतली डोळ्यांची तपासणी. "व्हेटने बघितलंय, ठणठणीत आहे" हे उत्तर म्हणजे कागद नाहीत. पिल्लांची आई प्रत्यक्ष बघायचीच. ती अनोळखी माणसाजवळ कशी वागते, यावरून पिल्लांबद्दल बरंच कळतं. आठ आठवड्यांआधी पिल्लू देणारा ब्रीडर टाळा.

---

पाऊलखूण

आणि सोबतच निवारा केंद्रालाही एक चक्कर मारा. ब्रीडरची यादी लागेपर्यंत सहा महिने सहज जातात, तेवढ्यात तीन वर्षांची, मुलांत वाढलेली एखादी लॅब-मिश्र कुत्री समोर येऊ शकते. तिच्या खुब्याचा एक्स-रे तुम्हीच काढून घेऊ शकता, आणि तो आई-बाबांच्या अहवालापेक्षा जास्त खरं सांगतो. कोणताही कुत्रा आला तरी तळ्याकाठी नेण्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस दोन मात्रांत पूर्ण झालेली हवी, दोन्हींमध्ये साधारण तीन-चार आठवड्यांचं अंतर. साचलेल्या पाण्यातून तो जंतू येतो आणि माणसांनाही लागतो. पाण्यावर हिरवट रंगासारखा तवंग दिसला तर त्या दिवशी पोहणं बंद, पिणंही बंद. रोज रात्री तंबूत शिरण्याआधी गोचिडी बघायच्या: कानांच्या घड्या, बगला, जांघा, बोटांच्या बेचक्या आणि गळपट्ट्याखाली. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल किंवा काडीचा चटका अजिबात नाही.