मदत हवी आहे: रक्तदाबाचं संशोधन भारुडातून
तासगाव तालुक्यातल्या एका गावात आम्ही रक्तदाबाची पाहणी केली. आता निष्कर्ष गावाला परत सांगायचेत. ग्रामसभेत पडद्यावर आलेख दाखवले. माणसं चहा पिऊन उठली, प्रश्न एकही नाही. (चूक आमचीच.)

म्हणून भारुड बसवतोय. मंडळ गावातलंच, खर्च दहा हजारांच्या आत, वेळ रात्री आठनंतरच, कारण द्राक्षबागांची कामं चालू आहेत. संहितेला आचारसमितीची (संशोधनात लोकांचं हित जपलं जातंय ना, हे बघणारी समिती) मान्यता आहे, कुणाचं नाव येणार नाही.

तालमीला लोक पोट धरून हसले, पण १४०/९० (इथून पुढं रक्तदाब जास्त धरतात) म्हणजे काय, हे विचारल्यावर सगळे गप्प. मागं बसलेल्या बायका तर बोलल्याच नाहीत. सोंग मध्येच थांबवून प्रश्न घ्यावेत, की दुसऱ्या दिवशी बायकांची वेगळी बैठक लावावी? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का?