परसातील पिवळ्या बांबूचे बेट आवरावे की मुळासकट काढावे?

अंगणवेल (सुदामानगर, इंदूर)

नमस्कार. सहा वर्षांपूर्वी आम्ही घराच्या मागे, आवारभिंतीपासून दीड फुटावर पिवळ्या बांबूची तीन रोपे लावली. मागच्या घरावर मजला चढल्यामुळे तिथून आमचे स्वयंपाकघर थेट दिसू लागले होते आणि आडोसा लवकर हवा होता. रोपवाटिकेत ‘गोल्डन बांबू’ एवढेच नाव सांगितले गेले. आडोसा उत्तम झाला. परंतु आज त्या तीन रोपांचे एकच बेट होऊन ते सुमारे सात फूट लांब आणि चार फूट रुंद झाले आहे. भिंतीचा गिलावा तडकला आहे, गेल्या पावसाळ्यात दोन कोंब फरशी उचलून वर आले, आणि बेटाच्या कडेपासून अवघ्या पाच फुटांवर आमचा जमिनीखालचा पाण्याचा हौद आहे. सगळेच काढून टाकावे असे यजमानांचे मत आहे. सासूबाईंचा मात्र त्यात जीव आहे, कारण पाडव्याच्या गुढीची काठी त्या याच बेटातून काढतात. एका परिचितांनी मुळांत आम्ल ओतण्यास सुचवले, ते मला पटत नाही. बेट राखून ते आवरता येईल का? आणि बांबू तोडण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते का?

कळक (रामबाग, इंदूर)

ताई, उत्तर देण्यापूर्वी आपला बांबू कोणत्या जातीचा आहे हे ठरवायला हवे, कारण ‘गोल्डन बांबू’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पहिली बांबुसा वल्गारिस, म्हणजे पिवळ्या खोडावर हिरव्या उभ्या रेघा असलेला जाड बांबू. त्याचे कंद आखूड असतात आणि नवा कोंब जुन्या काठीला जवळजवळ खेटूनच येतो, म्हणून त्याचे बेट होते. दुसरी फायलोस्टॅकिस ऑरिया. तिचे कंद जमिनीखालून लांबवर धावतात आणि भलत्याच ठिकाणी, प्रसंगी शेजाऱ्यांच्या अंगणात, कोंब काढतात. ओळखण्यासाठी एक काठी हातात धरून बघा: फांद्या फुटतात त्या गाठीच्या वरच्या पेरावर एका बाजूने खाच असेल आणि गाठीला प्रामुख्याने दोनच फांद्या असतील, तर ती धावणारी जात समजावी, पेर सर्व बाजूंनी गोल असून गाठीवर फांद्यांचा झुबका असेल, तर ती बेटाची जात.

परवानगीविषयी सांगायचे तर, बांबू हे वनस्पतिशास्त्रानुसार गवत असूनही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात त्याची गणना वृक्षांत होत असे. २०१७ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे घरच्या बागेतील बांबूला हा कायदा आड येत नाही.

आम्ल, मीठ, रॉकेल यांपैकी काहीही ओतू नका. हौद पाच फुटांवर असताना तर नकोच नको; शिवाय माती बिघडेल ती बेटापुरतीच बिघडेल असे नाही.

अंगणवेल

मनःपूर्वक आभार. सकाळीच पाहिले. पेर गोल आहे, हिरव्या रेघा आहेत आणि प्रत्येक गाठीवर पुष्कळ फांद्या आहेत. म्हणजे ही बेटाची जात. मग फरशी कशी उचलली गेली?

वाफसा (महू)

बेटाची जात धावत नाही, पण ढकलते. दरवर्षी बेटाच्या कडेला नवे कोंब येतात आणि घेर थोडाथोडा वाढत जातो. वाटेत सैल फरशी आली तर कोंब ती उचलतो. धड काँक्रीट तो सहसा फोडत नाही, मात्र जुनी भेग किंवा सांधा सापडला तर तिथे शिरतो. म्हणून हौद एकदा रिकामा करून आतून सांधे तपासून घ्यावेत. गिलाव्याचा दोष सगळा बांबूला देऊ नये, असेही मला वाटते. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याने कित्येक आवारभिंती बांबू नसतानाही तडकतात. अर्थात बांबू माती अधिक कोरडी करतो, हेही खरे.

माझ्या परसात अकरा वर्षे असेच बेट आहे. मी केले ते असे. पाऊस संपून मातीला वाफसा आला की, म्हणजे साधारण ऑक्टोबरात, भिंतीकडची बाजू पहारीने मोकळी करून तिथल्या काठ्या कंदासकट काढल्या. चैत्र-वैशाखात हे काम करू नये, कारण तेव्हा काळी माती दगडासारखी होते. मग हौदाच्या बाजूला एक फूट रुंद आणि दोन फूट खोल चर खणला. बांबूचे बहुतेक कंद जमिनीच्या वरच्या फूटभरातच असतात, त्यामुळे एवढी खोली पुरते. चरात वाळू आणि पालापाचोळा सैल भरून ठेवला, म्हणजे वर्षातून एकदा उकरले की चर ओलांडू पाहणारा कंद दिसतो आणि तिथेच तोडता येतो. जाड प्लॅस्टिकचा पडदा पुरण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो धावणाऱ्या जातीसाठी आवश्यक आहे, पण आपल्या बेटासाठी उघडा चर मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते.

खरे नियंत्रण मात्र पावसाळ्यातच होते. कोंब बहुधा जुलै ते सप्टेंबर या काळात येतात, आणि नको त्या जागी आलेला कोंब हातभर असतानाच मोडून टाकला तर वर्षभराची चिंता मिटते. तो राहिला तर दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. कोंबावरच्या काळपट लवेने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

विरळणी करताना तीन वर्षांपुढच्या काठ्याच तोडाव्या. कोवळ्या काठ्या ठेवाव्यात, कारण पुढचे कोंब त्यांच्याच आसपास येतात. वय लक्षात राहावे म्हणून मी दर दिवाळीत त्या वर्षीच्या काठ्यांवर तैलरंगाचा एक ठिपका देतो, दरवर्षी वेगळ्या रंगाचा. तोड जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर घ्यावी, नाहीतर उरलेल्या पोकळ पेरात पाणी साचून डास होतात.

कळक

वाफसा यांच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. गुढीच्या काठीबद्दल एक सांगतो, कारण सासूबाईंचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. या जातीत पिष्ट पुष्कळ असल्याने तोडलेली काठी लवकर भुंग्याच्या भक्ष्यस्थानी पडते. गुढीची काठी ऐन पाडव्याला न तोडता थंडीतच, तीन वर्षांची पाहून तोडावी, दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवावी आणि नंतर सावलीत उभी वाळवावी. तीच काठी मग जपून पुढच्या पाडव्यालाही वापरता येईल. पुढे कधी नवे रोप लावायचे झाले, तर भिंतीपासून निदान पाच फूट सोडून मानवेल या जातीचा बांबू लावा; मध्य प्रदेशाच्या जंगलांत सर्वाधिक आढळतो तो हाच. त्याची काठी बरीचशी भरीव असते आणि गुढीला फार शोभते.

अंगणवेल

यजमानांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. भिंतीकडची बाजू काढायची आणि हौदाकडे चर घ्यायचा, असे ठरले आहे. हौद येत्या रविवारी रिकामा करतो. सासूबाईंनी थंडीत तोडायची काठी आजच निवडून तिला दोरा बांधला आहे.