मदत हवी आहे: ध्रुवावरचा भोवरा फुटला तर रावेरच्या केळीला थंडीचा चरका बसतो का?

आमची केळीची कांदेबाग आहे, म्हणजे सप्टेंबरच्या सुमाराची लागवड; रोपं अजून लहान. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: 'उत्तर ध्रुवावरचा भोवरा फुटला, पंधरा दिवसांत खान्देश गोठणार.' सोबत बर्फात बुडालेल्या टेक्सासचे फोटो. पारा दहा-बारा अंशांच्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते, पोगा (न उमललेलं कोवळं पान) अडकतो, पानं पिवळी पडतात. हे आम्हाला मेसेजवाल्यांनी शिकवायला नको. पण ध्रुव कुठे आणि तापी कुठे? मध्ये अख्खा हिमालय उभा आहे ना? आणि ध्रुव तापतोय म्हणतात, मग थंडी वाढेल कशी? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

प्रतिसाद १
भो, फोटो खरे असतील, पण ते 2021 चे. त्या जानेवारीत भोवरा विस्कटला आणि फेब्रुवारीत टेक्सास गोठलं. हा भोवरा म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती, ढगांच्याही कितीतरी वर, गरगर फिरणारे थंड वारे. तो फुटला की थंड हवा कधी अमेरिकेत उतरते, कधी युरोपात. आपल्याकडे थेट नाही; सायबेरियाची थंडी हिमालय बऱ्यापैकी अडवतो.

आपला गारठा येतो पश्चिमी विक्षोभांमागून, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालींमागून. भूमध्य समुद्राकडून ते जेट वाऱ्यांबरोबर (खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे) येतात, हिमालयात बर्फ पाडतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेचे कोरडे वारे सातपुडा ओलांडून तुमच्या बागेत. ध्रुवाचा हात लागलाच तर या वाऱ्यांची वाट बदलण्यापुरता.

तापण्याचं म्हणाल तर 1979 पासून आर्क्टिक, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश, जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलंय. पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचं समुद्राचं गडद पाणी तेच ऊन पितं. ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक घटला की जेट वारे ढिले पडून नागमोडी वाहतात आणि थंडी खाली घसरते, असं काही शास्त्रज्ञ मानतात. सगळ्यांना ते पटलेलं नाही. थंडीपेक्षा पावसाकडे बघा: गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आर्क्टिकमधल्या कारा समुद्रातल्या घटत्या बर्फाचा संबंध भारतातल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीशी जोडलाय.

प्रतिसाद २
भोवरा राहू द्या. हवामान खात्याचा किमान तापमानाचा अंदाज बघा. पारा घसरणार असेल तर रात्री विहिरीचं पाणी द्या, पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करा. उत्तरेच्या बांधाला वारा अडवायला शेवरीची झाडं आहेत का?

मूळ प्रश्नकर्ता
शेवरी आहे, पण विरळ. वीज रात्रीची मिळाली तर पाणी देतो. सप्टेंबरच्या पावसाचं कोणी मराठीत सविस्तर लिहिलंय का? आमची लागवड नेमकी तेव्हाच असते.